दीड हात उंचीचा ओटा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी काकाजींचं नाव घेतो. ते माझे काका नव्हते. वर्ध्याला स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं मंगल कार्यालय होतं. लग्नसराई नसली की तिथंच खानावळ चालायची, आणि येणारेजाणारे सगळे त्यांना काकाजीच म्हणायचे. मी आंजीकडच्या एका खेड्यातून कॉलेजात शिकायला आलो, तेव्हा त्यांनी मला कोठीशेजारची खोली, दोन वेळचं जेवण आणि बुकिंगच्या टेबलावरचं काम दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. त्या खोलीत राहून मी बी.ए. झालो. आणि त्याच माणसासमोर मी एकदा गप्प राहिलो. ते गप्प राहणं खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

बाबा मला सोडायला आले होते. बाबांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना पाय यंत्राच्या पट्ट्यात सापडला, तेव्हापासून तो लाकडासारखा ताठ झाला. काकाजींनी माझ्याकडं पाहिलंच नाही. बाबांच्या पायाकडं पाहत त्यांनी दहा गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं विचारलं, "संडासात बसता कसे हो तुमी?"

माझे कान तापले. हा माणूस वेडा आहे की माजलेला, मला कळेना. बाबाही क्षणभर गोंधळले. मग खाली बसण्याऐवजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले. अर्धा तास दोघं बोलत होते. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "आजलोग कोनंच ईचारलं नवतं बाप्पा. समदे पाह्यतेत आन् मान फिरवतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी माझ्या पायाला मागून दोन लाकडी पट्ट्या लावून सुतळीनं घट्ट बांधल्या. म्हणाले, "आज असाच राह्यजो. संध्याकाळी सांगजो, कुठं कुठं अडलं." कामाला नवा येणारा प्रत्येकजण या परीक्षेतून जायचा. कोणाचे डोळे बांधले जायचे, कोणाचा हात. मी त्या दिवशी तीनदा पडलो. नळाखाली पाय धुता आले नाहीत. जेवायला बसलो तर माझा ताठ पाय समोरच्या माणसाच्या ताटापर्यंत गेला. त्यानं ताट मागं ओढून घेतलं.

तेव्हा मला समजलं, की बाबा अकरा वर्षं कोणत्याच पंगतीत का बसले नाहीत. लग्न असो की तेरवी, ते म्हणायचे, "मले भूक नाई." सगळ्यांची जेवणं झाली की स्वयंपाकाच्या जागी गव्हाच्या पोत्याला टेकून उभ्याउभ्या जेवायचे. मी त्यांचा मुलगा. मला वाटायचं, बाबांना गर्दी आवडत नाही.

काकाजी पूर्वी पुलगावला मिलच्या सुतारखात्यात होते. मामाच्या मागं हे कार्यालय त्यांच्याकडं आलं. त्यांच्या खिशात नेहमी लाकडी घडीची फूटपट्टी असे. बोलता बोलता ते समोरच्या दाराची रुंदी मोजत, कधी बोलणाऱ्याच्या गुडघ्याची उंचीही. हे वेड त्यांना केव्हा लागलं, ते आमच्या स्वयंपाकी महाराजांनी मला सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. दोन्ही पाय गेलेला एक जवान पुलगावच्या लष्करी डेपोत काही कागदपत्रांसाठी आला होता आणि परत जाताना गाडी पकडायला वर्ध्याला उतरला. कार्यालयाला तेव्हा सात पायऱ्या होत्या. टांगेवाल्यानं बाहेरूनच ताट मागितलं. काकाजींनी स्वतः ताट नेऊन दिलं. जवान टांग्यात बसून जेवला, हात जोडून म्हणाला, "बडी मेहरबानी," आणि गेला.

"मेहरबानी म्हणे!" महाराज काकाजींची नक्कल करत. "तीन दिवस जेवला नाई हा मानूस. चौथ्या दिवशी घन घेतला आन् पायऱ्या फोडल्या. लोक म्हनले, लक्ष्मीच्या पायऱ्या फोडल्या, आता बसा बोंबलत."

पायऱ्यांच्या जागी उतार झाला. संडासाचं दार रुंद झालं. भिंतीलगत कमरेएवढ्या उंचीवर दोर गेला आणि त्याला गाठी आल्या. एक गाठ म्हणजे पाणी, दोन म्हणजे संडास, तीन म्हणजे जेवणाची खोली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही खूण होती. एका खुर्चीची बैठक मधोमध कापून ती संडासात ठेवली. एका वऱ्हाडातल्या मामांनी ती रिकामी दिसली म्हणून उचलून मांडवात नेली आणि फोटोग्राफरनं नवरदेवाच्या आजोबांना तिच्यावर बसवलं. आम्ही पाहिलं तोवर फोटो निघून गेला होता. काकाजी हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याले ईचारा, बरं वाटलं काय बसाले?"

आठवड्यातून एकदा सकाळी आंधळी फेरी असे. डोळे बांधून, हातात पाण्यानं भरलेला गडवा घेऊन सगळ्या कार्यालयात एक चक्कर मारायची. महाराजांनाही सुटका नव्हती. पाणी सांडलं की सगळ्यांच्या छातीत धडधड व्हायची, पण काकाजी सांडणाऱ्याला रागावत नसत. "सांडलं त्याचा दोष नाई. वाटेत ठेवलं त्याचा दोष." मग ती वाटेतली वस्तू, पाट असो की पिंप, बाहेर अंगणात फेकली जायची. महाराजांची आवडती पितळी परात अशी दोनदा अंगणात गेली.

सगळ्यांत कठीण काम माझ्याकडं होतं. कार्यालय बुक करायला आलेल्या माणसाला तारीख, पानं, भांडी हे सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न विचारायचा, असा काकाजींचा हुकूम होता: "तुमच्या घरचं कोण लग्नाला येऊ शकत नाही? का?"

शुभकार्याच्या बोलणीत घरातल्या लंगड्या-आंधळ्याचा विषय काढणं म्हणजे अपशकुनच. पहिल्याच आठवड्यात एका माणसानं टेबलावर हात आपटला. "आमच्या घरी का पांगळे भरले हायेत? काऊन ईचारून राह्यला तू?" तो उठून गेला, आणि बुकिंगही गेलं. मी जाऊन काकाजींना सांगितलं. ते फळीला रंधा मारत होते. न थांबता म्हणाले, "उद्या त्याची बायको येईल."

दुसऱ्या दिवशी नाही, पण चौथ्या दिवशी ती बाई आली. पदर ओढून हळूच म्हणाली, "माही सासू हाये जी. लकवा मारला. यजमानाले सांगू नका, पन तिले आनता येईल काय?"

आता ओट्याविषयी. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांना पंगतीत कसं बसवायचं, हे कोडं काकाजींना वर्षभर सुटत नव्हतं. खुर्ची-टेबल दिलं तर माणूस पंगतीतून वेगळा पडतो. एका रविवारी त्यांनी बाबांना बोलावून घेतलं आणि विटांच्या थप्पीवर बसवलं. एक वीट काढ, एक ठेव, पुन्हा बसा, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी भिंतीला लागून दीड हात उंचीचा ओटा बांधला, सहा माणसांपुरता. समोर ताट ठेवायला फळी, आणि फळीखाली जमिनीपर्यंत लाकडाचा आडोसा. ताठ पाय आत जायचा, कोणाच्या ताटाकडं रोखला जायचा नाही. ओटा पंगतीच्या ओळीतच होता. वाढपी खालच्या पानावर वाढायचा आणि पुढं ओट्यावरच्या पानावर. त्या ओट्याचं माप म्हणजे बाबांचा पाय होता.

पण आपल्याकडं उंच जागा म्हणजे मानाची जागा. पहिल्याच लग्नात एक सरपंच आणि त्यांचे दोन सोयरे ओट्यावर जाऊन बसले, आणि ज्यांच्यासाठी ओटा होता ते दोघं दाराशी उभे राहिले. काकाजी सरपंचांसमोर जाऊन उभे राहिले. "गुडघा दाखवा."

"काय?"

"गुडघा दाखवा जी. कोन्ता वाकत नाई?"

सरपंच म्हणाले, "मले वाताचा त्रास हाये." मान वाचवायला तेवढंच सुचलं असेल. काकाजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते कुबड्यांची जोडी घेऊन सरपंचांच्या घरी हजर झाले. साऱ्या गावासमोर. तेव्हापासून ओट्यावर धडधाकट माणूस बसला नाही, पण काकाजींना शत्रूही मिळाले.

बाबा मात्र त्या ओट्यावर कधी जेवले नव्हते. खानावळीत आले तर म्हणायचे, "एकटा बसून जेवाले वटा कायले? पंगत बसन तवा बसतो." ती पंगत आली बेबीच्या लग्नात. बेबी माझी धाकटी बहीण; लग्न याच कार्यालयात होतं. आणीबाणी उठली त्यानंतरचा उन्हाळा होता. स्थळ आर्वीकडचं, पूर्वीच्या मालगुजारांचं, बड्या जमीनदार घराचं. बेबीच्या नशिबानं मिळालं असं सगळे म्हणत. आणि आमच्यात रीत अशी, की पहिल्या पंगतीत दोन्ही व्याही समोरासमोर बसतात. पोरीच्या बापानं जेवा म्हणेपर्यंत वरबाप घास उचलत नाही, आणि वरबापानं घास घेतल्याशिवाय पंगतीतलं कोणीच जेवत नाही.

काकाजींनी व्याह्यांसाठी खाली पाट, रांगोळी, चांदीचं ताट मांडलं. समोर ओट्यावर बाबांना बसवलं. नवा शर्ट, डोक्याला पांढरी टोपी. पाय आडोशाला गेलेला. पाहणाऱ्याला वाटावं, मांडी घालूनच बसलेत. बेबी शालूत बाजूला बसली होती. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, सगळं वाढून झालं. बाबांनी हात जोडले. "घ्या ईवाईबुवा, सावकाश जेवा."

व्याह्यांनी हात पुढं केला नाही. त्यांचा साळा शेजारी होता, तो मोठ्यानं म्हणाला, "पोरीचा बाप वर आन् पोराचा बाप खाली? डोक्यावर बसून राह्यले काय आमच्या?"

पंगतीतली बोलणी थांबली. दोनशे माणसं, दोनशे पानं, आणि हात सगळ्यांचे मांडीवर.

काकाजी पुढं आले. "त्यायचा पाय वाकत नाई जी. मान-पान नाई हे. तुमीबी वर बसा, जागा हाये."

"लंगड्या-पांगळ्याच्या जाग्यावर?" व्याही पहिल्यांदाच बोलले. "मी?"

म्हणजे खाली बसणं कमीपणाचं, आणि वर बसणं त्याहून कमीपणाचं. यातून वाट कोणाला दिसेना. काकाजींना दिसली असावी, कारण ते वळून झपझप कोठीकडं गेले. आता दोनशे माणसांच्या नजरा आमच्यावर. भातावरची वाफ गेली. कोणीतरी मागून म्हणालं, "उठा, उठा, चाला." कोण म्हणालं कोण जाणे. व्याही उठले तर बेबीचं काय?

मी बादली खाली ठेवली, बाबांच्या मागं गेलो आणि कानाशी वाकून म्हणालो, "बाबा, तुमी उतरा. आत जाऊन जेवा. बेबीचं लगन हाये."

बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून ओट्यावरून उतरले आणि ताठ पाय ओढत, साऱ्या पंगतीच्या मधून, स्वयंपाकघरात गेले. साळा हसला. व्याह्यांनी घास उचलला. पंगत सुरू झाली.

तेवढ्यात काकाजी कोठीतून आले. दोन्ही काखांत दोन दोन पाट होते. व्याह्यांच्या पाटाखाली ते रचून त्यांनाही उंचावर बसवायचं, इतकी साधी युक्ती होती. रिकाम्या ओट्याकडं पाहत ते पाट घेऊन तसेच उभे राहिले.

नंतर स्वयंपाकघरात आले. बाबा पोत्याला टेकून उभे होते, हातात द्रोण. मी शेजारीच होतो.

"काऊन उतरले?" काकाजींनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मलेच कसंतरी वाटलं काकाजी. उंचावर. सवय नाई ना."

"कोनं म्हनलं काय तुमाले?"

"नाई नाई. माह्या मनानं उतरलो."

मी बोलायला हवं होतं. हातात डाव होता, तो मी भातात खुपसला आणि ढवळत राहिलो.

काकाजींचा एक नियम होता, ज्याची गरज त्यालाच विचारायचं आणि तो सांगेल तेच खरं धरायचं. कारागीर, डॉक्टर, शहाणे, कोणाचंही त्यापुढं चालत नसे. बाबांचा शब्द त्यांनी खरा धरला. लग्नाची माणसं गेल्यावर ते ओट्यावर बसले, उतरले, पुन्हा बसले. मग मला म्हणाले, "मीच चुकलो बे. मानूस उघडा पडते इथं." मी "हो" म्हटलं नाही, "नाही"ही म्हटलं नाही.

त्यानंतर ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, "वर बसाले लाज वाटते काय तुमाले?" असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? लोक ओशाळून म्हणत, "थोडी वाटते जी." पावसाळ्यापर्यंत ओट्यावर पत्रावळींचे गठ्ठे आले. मला हिंगणघाटजवळ शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी वर्धा सोडलं. खरं सांगायचं तर सुटलो. काकाजींनी मला स्टेशनवर पोचवलं आणि म्हणाले, "पोरायले बाकावर बसवजो. सतरंजीवर सगळ्यायलेच बसता येत नाई."

दिवाळीनंतर महाराज शाळेत भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, "तुळशीचं लगन झालं का गवंडी येऊन राह्यला. वटा फोडतेत काकाजी. म्हनतेत, ज्याच्या मापानं बांधला त्यालेच नाई पटला, तं ठेवू कायले?"

त्या शनिवारी मी घरी गेलो, बेबीच्या सासरी जाऊन तिला भेटलो आणि रविवारी संध्याकाळी काकाजींना पत्र लिहिलं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडं आहे. तो जसाच्या तसा देतो.

*तीर्थरूप काकाजी यांस,*

*साष्टांग नमस्कार. हे पत्र गवंडी यायच्या आधी आपल्या हाती पडावं म्हणून उद्या सकाळीच पोस्टात टाकतो आहे. कृपा करून हे वाचल्याशिवाय ओट्याला हात लावू नये.*

*बेबीच्या लग्नात बाबा आपल्या मनानं उतरले नाहीत. मी त्यांना उतरवलं. "तुमी उतरा, आत जाऊन जेवा," हे माझे शब्द. व्याही उठले नव्हते, फक्त जेवत नव्हते. आपण पाट आणायला गेला होतात. तेवढा वेळ मला धीर धरवला नाही. आपण विचारलंत तेव्हा बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी भात ढवळत उभा राहिलो. आपण योग्य माणसाला विचारलं होतं. त्याचं उत्तर मी बिघडवलं. तेव्हा चूक ओट्याची नाही, आपल्या विचारण्याचीही नाही.*

*इथवरचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "काकाजीले लिही, लाज वाटली. वर बसल्याची नाई, उतरल्याची." ते मुद्दाम त्यांच्याच शब्दांत लिहितो आहे.*

*बेबीला दिवस गेले आहेत. माघात सातव्या महिन्याचं जेवण करायचं आहे. ते आपल्याच कार्यालयात करावं आणि बाबांनी ओट्यावर बसावं, असं मी ठरवलं. पण ठरवण्याआधी बेबीला विचारायला गेलो, कारण नांदायचं तिला आहे. तिनं मला सगळं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "हे लग्नातच काऊन नाई ईचारलं मले? मी तं तिथंच बसली होती." मग ती म्हणाली, "बाबा वरच बसतीन."*

*व्याह्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. मुलीचे वडील ओट्यावर बसून जेवतील, आणि त्यांना उतरवणारा मी होतो, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते येतील की नाही, मला ठाऊक नाही. आले नाहीत तर त्यांचं पान उचलून घ्यावं. बाबांचं पान मात्र मांडावं.*

*आपला अपराधी,*

*कोठीशेजारच्या खोलीतला*